एका मुठीची पूर्वतयारी

सुसंस्कृत माणसाला आपल्याला दोन हात आहेत हा शोध साधारणपणे वयाच्या एक्कावन्नाव्या ते चोपन्नाव्या वर्षाच्या दरम्यान लागतो. तोपर्यंत हातांचा उपयोग सह्या करणे, फाइल पुढच्या टेबलाकडे सरकवणे आणि सभेत डुलकी लागल्यास हनुवटीला आधार देणे एवढाच असतो, आणि नीट पाहिले तर या तिन्ही कामांना एक हात पुरतो. दुसऱ्याचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. त्यावर काही जण बागकाम करतात, काही जण चित्रे काढतात (ती नातेवाइकांना भिंतीवर लावावी लागतात), आणि जे विशेष गंभीर प्रकृतीचे असतात ते लाकूड कातायला घेतात.

लाकूड कातणे ही क्रिया ऐकायला अवघड आणि करायला त्या मानाने सोपी आहे, त्यामुळे तिच्याविषयी बोलायला भरपूर वाव मिळतो. लेथ नावाच्या यंत्रावर लाकडाचा ठोकळा गरगर फिरवायचा आणि त्याला पटाशीची धार टेकवून हवा तो गोल आकार काढायचा, एवढेच. हे काम पोटासाठी करणाऱ्याला कातारी म्हणतात. पोट भरल्यानंतर करणाऱ्याला हौशी कलावंत म्हणतात. दोघांत फरक इतकाच की कातारी वस्तू तयार करतो आणि हौशी कलावंत स्वतः तयार होतो.

आपले आरेखक पाणीपुरवठा खात्यात होते. शहराच्या पोटातून जाणाऱ्या प्रत्येक नळाचा, सांध्याचा आणि झडपेचा नकाशा त्यांनी तीस वर्षे काढला, तोही असा की वरिष्ठ अभियंते तो चष्मा पुसून बघत. या तीस वर्षांत त्यांनी प्रत्यक्ष नळाला हात लावला नव्हता. घरातली तोटी गळू लागली की ते तिचे चित्र काढत (तीन बाजूंनी, मापांसकट) आणि मग नळवाल्याला बोलावत. नळवाला चित्र घडी करून खिशात घालायचा आणि तोटी दुरुस्त करायचा. दोघांचे कधी वाजले नाही.

आरेखकांचे वडील, म्हणजे नाना, हे मात्र बसडेपोत इंजिने उघडून बसवण्यात आयुष्य काढलेले गृहस्थ. पाहुणे आले की चहाबरोबर त्यांचे एक वाक्य ठरलेले असे. "आमच्या चिरंजिवांना खिळा ठोकायला सांगा, ते आधी भिंतीचा नकाशा काढतील." पाहुणे हसत. आरेखकही हसत. ते हे वाक्य तीस वर्षे हसत आले होते, आणि हसताना त्यांना काय वाटायचे त्याची नोंद कुठल्याही कागदावर नव्हती.

नाना त्र्याऐंशी वर्षांचे होते. रोज संध्याकाळी ते घरापासून वाचनालयासमोरच्या बाकापर्यंत चालत जात. हे अंतर त्यांच्या मोजणीप्रमाणे अकराशे चाळीस पावलांचे होते (आरेखकांनी नकाशावर ताडून पाहिले, नऊ पावलांचा फरक निघाला). बाकावर त्यांच्या वयाचे तिघे जण आधीच येऊन बसलेले असत, आणि चौघे मिळून शहराचा कारभार कसा चालावा ते ठरवत. एका संध्याकाळी नव्या पुलाच्या प्रश्नावर नानांनी काठी फरशीवर आपटली आणि काठीची मूठ, मध्यम आकाराच्या कांद्याएवढी गुळगुळीत लाकडी मूठ, मधोमध चिरून दोन तुकडे होऊन पडली. पुलाचा प्रश्न तसाच राहिला.

सुनेने, म्हणजे आरेखकांच्या पत्नीने, दुसऱ्याच दिवशी नवी काठी आणली. सूनबाई दवाखान्यात मलमपट्टी विभागात होत्या आणि त्यांना गोष्टी लगेच करण्याची वाईट सवय होती. काठी ॲल्युमिनियमची होती, खाली चार पाय. नाना म्हणाले, "ही काठी नाही, स्टूल आहे." मग जुनी काठी उचलून म्हणाले, "डेपोच्या मागे कातारी बसतो. त्याच्याकडे टाकली तर दहा मिनिटांचं काम आहे."

आरेखक वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवले. "नाना, मी करून देतो," ते म्हणाले.

"तू?"

"मी."

आता ते खिळ्याचे वाक्य येणार म्हणून आरेखकांनी हसायची तयारी केली. पण नानांनी मुठीचे दोन्ही तुकडे उचलून मुलाच्या हातात दिले आणि म्हणाले, "बरं. कर."

ते वाक्य आलेच नाही, याचा आरेखकांवर काय परिणाम झाला असेल ते सांगणे कठीण आहे. त्यांनी त्या दिवशी कचेरीत एका झडपेचे माप चुकवले, तीस वर्षांत पहिल्यांदाच. चोपन्नाव्या वर्षी माणसाला वडिलांनी एक काम दिले होते.

छंद सुरू कसा करावा याबद्दल अडाणी लोकांची समजूत अशी असते की तो करू लागावे. आरेखक अडाणी नव्हते. त्यांनी प्रथम हौशी कातकाम मंडळाचे सभासदत्व घेतले. हे मंडळ दर शनिवारी दुपारी एका विमा कचेरीच्या सभागृहात भरते आणि त्याचे अध्यक्ष एक निवृत्त दंतवैद्य आहेत. फिरत्या धारदार यंत्रांचा त्यांचा अनुभव निर्विवाद आहे, आणि समोरच्याचे तोंड उघडे असले तरी त्याला बोलू न देण्याची हातोटी त्यांना त्याच व्यवसायाने दिली. मंडळाचे सभासद शेहेचाळीस. सरासरी वय एकसष्ट. सभासदांची दरडोई बोटे नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव शतांश. (एका सभासदाला एक बोट कमी आहे, पण ते मोटारीच्या दारात गेले. लेथवर बोट जाण्याइतकी प्रगती अद्याप कोणाचीच नाही.) अध्यक्षांच्या नावावर मेणबत्तीचा एक स्टँड जमा आहे. तो त्यांनी सात वर्षांपूर्वी हाती घेतला आणि त्याचा तळ आता जवळजवळ पूर्ण होत आला आहे. दर वार्षिक सभेत तो मखमलीच्या रुमालावर ठेवून फिरवला जातो, आणि लोक त्याला बोट न लावता पाहतात.

मंडळाच्या घटनेत छंदाच्या पाच पायऱ्या सांगितल्या आहेत: ज्ञान, सुरक्षा, धार, लाकूड आणि काम. पहिल्या चार पायऱ्यांना बहात्तर पाने दिली आहेत. पाचव्या पायरीखाली "याविषयीचे नियम यथावकाश करण्यात येतील" असे एकच वाक्य आहे. अध्यक्षांनी पहिल्याच शनिवारी आरेखकांना बाजूला घेऊन सांगितले, "नवीन माणसाची मोठी चूक कोणती माहिती आहे? घाई. लाकूड पळून जात नाही."

आरेखकांना हे वाक्य इतके पटले की त्यांनी ते सुंदर अक्षरात लिहून टेबलावर लावले.

ज्ञानाला तीन महिने लागले. या काळात नाना काठीच्या उघड्या टोकावर एक फडके गुंडाळून बाकावर जात होते. फडके सैल व्हायचे, तळहाताला टोक रुतायचे, मग ते मध्ये कुठेतरी कठड्यावर टेकत. अकराशे चाळीस पावले तेराशेच्या घरात गेली, कारण टेकायला वाकडे जावे लागे. सूनबाईंनी फडक्याऐवजी जाड पट्टी बांधून दिली आणि नवऱ्याला विचारले, "मूठ कधी होतेय?"

"माहिती गोळा करतोय," आरेखक म्हणाले.

सुरक्षेच्या पायरीवर आरेखकांनी चेहऱ्यावरची पारदर्शक ढाल, नाकावरचा पडदा, चामड्याचा अंगरखा, पोलादी टोकाचे बूट आणि कानावरची झाकणे आणली. सैल बाही, गळ्यातली साखळी आणि बोटातली अंगठी ही कातकाम करणाऱ्याची तीन शत्रुस्थाने आहेत. त्यामुळे आरेखकांनी लग्नातली अंगठी काढून डबीत ठेवली आणि मनगटावरचे घड्याळही सोडले. ही सगळी सामग्री एकदम चढवून ते बैठकीत आले तेव्हा नानांनी पेपर खाली घेतला. "कुठं लागलीय आग?" त्यांनी विचारले.

सूनबाई म्हणाल्या, "अहो, अंगठी काढलीत ती काढलीत. यंत्र तरी आणा आता."

यंत्र आले. वजन चौऱ्याऐंशी किलो. लेथ हलता कामा नये, त्याखालची जमीन पक्की हवी, उजेड डावीकडून हवा आणि जवळ स्वतंत्र प्लग हवा. आरेखकांनी घराचा नकाशा काढून प्रत्येक खोलीला गुण दिले. सर्व अटी पुऱ्या करणारी एकच खोली निघाली, आणि ती नानांची होती. नानांच्या काठीच्या मुठीसाठी लागणाऱ्या यंत्रासाठी नानांनी खोली द्यावी हे न्यायालाही धरून होते. नानांचा पलंग बैठकीत आला. (यामुळे पलंग आणि घराचे दार यांतले अंतर सव्वीस पावलांनी घटले. ही बचत नानांच्या खाती जमा धरायला हवी.) आरेखकांनी पाणसळ लावून यंत्राची पातळी पाहिली. अर्ध्या मिलिमीटरचा उतार निघाला. तो काढण्यात पाच आठवडे गेले, आणि त्या काळात यंत्रावर धूळ बसू नये म्हणून एक चादर घातलेली असे. धूळ व्हायला आधी लाकूड कातावे लागते हे खरे, पण बाहेरचीही धूळ असतेच.

मग धार. पटाशी कारखान्यातून बोथट येते, म्हणून तिला घरी धार लावायची असते, आणि धार लागली की नाही हे पाहायला हातावरचा केस कापून बघतात. धारेच्या बाबतीत मंडळात दोन तट आहेत. एक चाळीस अंशांचा, दुसरा पंचेचाळीस अंशांचा. दोघे वेगवेगळ्या किटलीतला चहा घेतात. आरेखकांनी दोन्ही बाजूंचा अभ्यास केला. त्यासाठी मुख्य पटाशी त्यांनी आधी चाळीस अंशांना घासली, मग पंचेचाळीसला, मग अध्यक्षांचे शंका-निरसन ऐकून पुन्हा चाळीसला. रोज कचेरीतून आले की तासभर सहाणेच्या चाकाची घरघर चाले. डाव्या हातावरचे केस महिन्यात संपले, तेव्हा त्यांनी उजव्या हातावर घेतले, आणि तेही संपल्यावर जेवताना सहज बायकोला म्हणाले, "तुझा हात दे जरा."

"माझ्या हाताला कामं आहेत," त्या म्हणाल्या.

नऊ इंचांची पटाशी सात महिन्यांत सव्वाचार इंचांवर आली. तिने अद्याप लाकूड पाहिले नव्हते. इतक्या निःस्वार्थपणे झिजण्याचा योग सरकारी नोकरीतही क्वचित येतो, आणि मंडळाने तिच्या सन्मानार्थ एक मिनिट धारेच्या वादावर मौन पाळले.

लाकडाची पायरी या सगळ्याच्या बरोबरीनेच चालू होती, कारण लाकूड वाळावे लागते. ओले लाकूड कातले तर ते पुढे तडकते. एका इंचाच्या जाडीला एक वर्ष, असा मंडळाचा दंडक आहे. मुठीसाठी अडीच इंचांचा ठोकळा हवा. त्यासाठी आरेखकांनी तुतीचा एक ठोकळा आणला, त्याच्या दोन्ही टोकांना मेण लावले, तारीख घातली, आणि दर रविवारी सकाळी तो स्वयंपाकघरातल्या तराजूवर तोलून वजन लिहायला सुरुवात केली. वजन उतरत उतरत एका जागी ठरले की लाकूड तयार झाले असे समजायचे. या रविवारच्या तोलण्याला नाना हजर असत. ते खुर्ची ओढून बसत, तराजूचा काटा बघत आणि विचारत, "वाळलं?"

"अजून आहे पाणी."

एकदा नाना म्हणाले, "माझ्या या पलंगाचा एक पाय जादाचा पडलाय माळ्यावर. चाळीस वर्षं वाळतोय तो."

आरेखकांनी त्यांना शांतपणे समजावले की त्या पायाच्या ओलाव्याचा पूर्वेतिहास उपलब्ध नाही, त्यामुळे शास्त्रीयदृष्ट्या त्यावर विसंबता येत नाही. नानांनी मान डोलावली. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची इंजिने पूर्वेतिहास न विचारता उघडली होती, त्यामुळे या विषयात त्यांना फारसे बोलता येण्यासारखे नव्हते.

त्या वर्षाच्या अखेरीस नाना बाकापर्यंत जाईनासे झाले. चौकातल्या औषधांच्या दुकानापर्यंत, म्हणजे चारशे दहा पावले, जात आणि दुकानदाराच्या बाकड्यावर बसून परत येत. बाकावरचे तिघे एकदा घरी येऊन गेले, मग दोघे आले, मग कोणी आले नाही. आरेखकांनी ही पावले लिहून ठेवली होती. ठोकळ्याच्या वजनाचा आलेख काढायला घेतला तेव्हा कागदावर खाली बरीच जागा उरत होती. जागा वाया घालवणे आरेखकाच्या रक्तात नसते. त्यांनी काळ्या शाईने लाकडाचे वजन काढले आणि निळ्या शाईने नानांची पावले.

सूनबाईंचा धीर सुटला तो याच सुमारास. त्या दिवशी नानांची काठी त्यांनी बरोबर नेली होती; दवाखान्यातून येताना त्या डेपोमागच्या गल्लीत गेल्या. कातारी एका फळकुटावर बसून खुर्चीचे पाय कातत होता. त्याने काठीचे टोक हातात घेऊन पाहिले, कोपऱ्यातून एक तुकडा उचलला, आणि सूनबाईंनी पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांवर चढवेपर्यंत त्याला अर्धा आकार आला होता. एकूण नऊ मिनिटे. घरी येऊन त्यांनी ती मूठ नानांच्या मांडीवर ठेवली. आरेखक यंत्राच्या खोलीत धार लावत होते, पण नेमके त्याच वेळी त्यांनी चाक थांबवले होते, कारण केस मिळत नव्हता. मधले दार उघडे होते.

"नाना, ही बसवून घ्या," सूनबाई म्हणाल्या. "संध्याकाळी बाकापर्यंत जाऊन या. मी येते बरोबर."

नानांनी मूठ हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला. "चांगली केलीय," ते म्हणाले. मग त्यांनी ती सुनेच्या हातात परत दिली. "ठेवून दे कपाटात. तो करतोय ना."

"तो कधी करणार, नाना?"

"करेल. मी त्याला आयुष्यात कधी काही करू दिलं नाही, नुसती चेष्टा केली. आता पहिल्यांदा म्हणालाय. ही लावली तर वाईट वाटेल त्याला."

आरेखक दाराच्या अलीकडे पटाशी हातात घेऊन उभे होते. त्यांना भरून आले. हुंदका त्यांनी नाकावरच्या पडद्यामागे दाबला (सुरक्षेच्या साधनांचा हा पहिला प्रत्यक्ष उपयोग होय). आपला बाप आपल्यासाठी थांबला आहे, ही गोष्ट त्यांना त्या दिवशी कळली. कोणत्याही हृदय असलेल्या मुलाने अशा क्षणी जे केले असते तेच त्यांनीही केले. अशा बापाला साध्या तुतीची मूठ द्यायची नाही, असा त्यांनी निश्चय केला. दुसऱ्या दिवशी ते अक्रोडाचा ठोकळा घेऊन आले. गडद, जड, अतिशय देखणा, आणि ताजा कापलेला. त्यांनी त्याच्या टोकांना मेण लावले, नवी तारीख घातली आणि आलेखावर काळी रेषा पुन्हा अगदी वरून सुरू केली.

निळी रेषा वरून सुरू करण्याची सोय नव्हती.

पुढची अडीच वर्षे मंडळाच्या इतिहासात आदर्श मानली जातात. एकाही रविवारी तोलणे चुकले नाही. तराजूशेजारी खुर्ची ओढून नाना बसत, नंतर त्यांना कोणी खुर्चीपर्यंत आणून बसवत, आणि त्यानंतर तराजूच त्यांच्या पलंगापाशी नेला जाई. "वाळलं?" हा प्रश्न ते न चुकता विचारत, आणि आरेखक न चुकता खरे उत्तर देत. चारशे दहा पावलांची एकशे साठ झाली. एकशे साठची फाटकापर्यंतची बावन्न. बावन्नची अंगणाच्या पायरीपर्यंतची एकोणीस. मुठीशिवायची काठी पलंगाच्या कडेला टेकून ठेवलेली असे. सूनबाईंनी चार पायांची ती ॲल्युमिनियमची काठीही पुन्हा काढून पाहिली. नाना म्हणाले, "थोडे दिवस राहिलेत. कशाला उगाच."

आरेखकांनी हा आलेख एका शनिवारी मंडळात दाखवला. अध्यक्ष त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "किती सावकाश, किती शांत उतरतायत दोन्ही रेषा. याला म्हणतात संयम." सभासदांनी टाळ्या वाजवल्या. चाळीस अंशांच्या तटातल्या एका गृहस्थांनी निळी रेषा कशाची म्हणून विचारले. आरेखकांनी सांगितले. "असं असं," ते म्हणाले आणि चहा घ्यायला गेले.

चौथ्या वर्षी, लागोपाठ सहा रविवार, ठोकळ्याचे वजन एका ग्रॅमनेही हलले नाही. काळी रेषा आडवी झाली होती. लाकूड तयार होते. निळी रेषाही त्याच महिन्यात शून्यावर आडवी झाली, पण तिच्यासाठी मंडळाच्या घटनेत काही निकष नसल्यामुळे अहवालात तिची नोंद झाली नाही.

पहिल्या कापाचा समारंभ ठरला. मंडळात तोपर्यंत पाचवी पायरी कोणी पार केली नसल्याने सतरा सभासद आले आणि नानांच्या जुन्या खोलीत भिंतीला चिकटून उभे राहिले. अध्यक्षांनी पस्तीस मिनिटे भाषण केले. नानांना खुर्चीत बसवून दाराशी आणले होते. वय शहाऐंशी पूर्ण. अंगावर शाल, मांडीवर काठी.

आरेखकांनी चादर काढली, ठोकळा बसवला, ढाल चेहऱ्यावर ओढली आणि कळ दाबली. अक्रोड गरगरू लागला. सव्वाचार इंचांची ती पटाशी लाकडाला पहिल्यांदा लागली, आणि तिच्या धारेखालून लांब, कुरळे, तपकिरी छिलके असे सुटू लागले की भिंतीजवळचे लोक पुढे झुकून पाहू लागले. ढालीवर वाफ धरली म्हणून आरेखकांनी ती काढून फेकून दिली. (अध्यक्षांनी नियमभंगाची नोंद घेतली.) तीस वर्षे अर्ध्या मिलिमीटरची रेषा ओढलेला तो हात काय करायचे ते आपले आपण ओळखत होता. त्याला कोणी विचारलेच नव्हते इतकी वर्षे. आरेखकांना इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता. हे विधान उपरोधाने केलेले नाही. तो माणूस त्या बावीस मिनिटांत सुखी होता, आणि मूठ खरोखरच सुंदर झाली.

बावीस मिनिटे. त्याआधीची साडेतीन वर्षे वेगळी.

त्यांनी मूठ काठीवर बसवली. ती पहिल्याच प्रयत्नात घट्ट बसली. काठी नानांच्या हातात दिली. नानांनी तळहाताने मूठ झाकली, मग उघडली, मग पुन्हा झाकली. "जुनीपेक्षा चांगली झालीय," ते म्हणाले. "इंजिनवाल्याच्या पोराला शोभेल अशी."

आरेखकांनी मान वळवली, कारण डोळ्यांत भुसा गेला होता. तो सगळ्यांच्याच गेला होता.

अध्यक्ष म्हणाले, "दोन पावलं चालून दाखवा, नाना. फोटो घेऊ."

नानांनी काठी समोर रोवली. दोन्ही हात मुठीवर ठेवले आणि जोर लावला. मूठ हलली नाही, काठी वाकली नाही, पट्टीतून टोक रुतले नाही. सगळे जसे असायला हवे तसे होते. नानांचे गुडघे तेवढे उचलले गेले नाहीत. त्यांनी आणखी एकदा जोर लावून पाहिला आणि मग खुर्चीत नीट मागे टेकून बसले. "राहू दे," ते म्हणाले. "हातात धरायला छान आहे."

"उद्या बाकापर्यंत जाऊ, नाना," आरेखक म्हणाले. "मी धरतो तुम्हाला."

"कुणाकडं?" नानांनी विचारले. हे त्यांनी टोमणा म्हणून विचारले नव्हते. बाकावर आता कोण असते, हे त्यांना खरोखरच माहीत करून घ्यायचे होते.

फोटो बसूनच घेतला गेला. मंडळाच्या अहवालात तो पहिल्या पानावर आहे. खाली लिहिले आहे, "पाचवी पायरी: यशस्वी."

आता आरेखक सेवानिवृत्त आहेत आणि नवशिक्यांसाठी "लाकूड कातण्याचा छंद: सुरुवात कशी करावी" हे चार शनिवारांचे व्याख्यान देतात. सभागृह भरते. लोक वह्या घेऊन येतात, धारेचे अंश विचारतात, मेण कुठले लावावे ते विचारतात, आणि आरेखक प्रत्येकाला सविस्तर सांगतात. एकच प्रश्न त्यांना नको असतो. "एक मूठ करायला किती वेळ लागतो?" असे कोणी विचारले की ते "बावीस मिनिटं" म्हणतात आणि खाली बसतात. श्रोत्यांना हा विनय वाटतो आणि ते टाळ्या वाजवतात.

आपणही आतापर्यंत हसलात, ते योग्यच आहे. आरेखक वेडाच माणूस, आणि आपल्या घरात लेथ नाही. एक कपाट मात्र असेल ज्याचे दार लागत नाही, किंवा एखादा चष्मा ज्याची काडी निघाली आहे, किंवा कुणाला एकदा कुठेतरी घेऊन जायचे आहे. दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते आपण नीट, सवडीने, मनापासून करणार आहोत, हे आपण त्या माणसाला सांगितलेले आहे. त्याने पुन्हा विचारलेले नाही. विसरला म्हणून नव्हे. आपल्याला वाईट वाटेल म्हणून.